बोटीच्या इंजिनातला पडदा

वैनगंगेवर डोंगा चालवणाऱ्या ढिवराला पंपाची काळजी कधी करावी लागली नाही. हातात लांब बांबू, दंडात जोर आणि पाण्याची ओळख एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या नदी ओलांडली गेली. पण नदीच बदलली. पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे २२ एप्रिल १९८८ रोजी ज्या धरणाची पायाभरणी झाली, त्याच्या ३३ दरवाजांमागे आता मैलोन्‌मैल पाणी पसरलेले आहे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर अंभोऱ्याला, जिथे कन्हान वैनगंगेला मिळते, तिथे नदीचे रूप जलाशयासारखे झाले आहे. या पाण्यावर जलपर्यटन आणण्याचे शासनाने मनावर घेतले आहे. आणि पर्यटन नसतानाही इंजिनाच्या बोटी जिल्ह्याने पाहिल्या आहेतच. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातून सोडलेल्या पाण्याने भंडारा शहरात आणि नदीकाठच्या गावांत पूर आला, तेव्हा आपत्ती दलांच्या रबरी बोटी गल्ल्यांतून फिरत होत्या.

अशा बोटीच्या इंजिनात मुठीएवढा एक भाग असतो. टाकीतले पेट्रोल ओढून तो इंजिनाला देतो. त्याला ‘फ्युएल पंप’ म्हणतात. आपल्याकडचे जुने मिस्त्री मात्र ‘एसी पंप’ म्हणतात. ॲम्बेसिडर, फियाट आणि पेट्रोलवरच्या जीप रस्त्यावर होत्या त्या काळात एसी या कंपनीचे नाव या वस्तूला चिकटले ते कायमचेच. वातानुकूलनाशी त्याचा काही संबंध नाही. किंमत इंजिनाच्या मानाने किरकोळ, त्यामुळे निवड करताना फार विचार होत नाही. जो बसेल, जो मिळेल, तो. आरोग्याच्या सदरात त्याची चर्चा करण्याचे कारण असे की हा पंप चुकला तर त्याचा शेवट बरेचदा गॅरेजमध्ये होत नाही, रुग्णालयात होतो. भाजलेला रुग्ण, गुदमरलेला रुग्ण, पेट्रोल छातीत गेलेला रुग्ण. तिन्ही रस्ते याच मुठीएवढ्या वस्तूपासून निघतात.

मुठीएवढा पंप म्हटल्यावर हृदय आठवणारच, आणि तुलना अगदीच वरवरची नाही. यांत्रिक पंपात रबरी कापडाचा एक लवचीक पडदा असतो, डायफ्राम. इंजिनाच्या कॅमशाफ्टवरचा उंचवटा एका दांडीला ढकलतो, दांडी पडद्याला खाली ओढते, वरच्या पोकळीत जागा होते आणि टाकीतले पेट्रोल आत येते. मग खालची स्प्रिंग पडद्याला वर लोटते आणि पेट्रोल कार्बोरेटरकडे जाते. आत येण्याची एक झडप, बाहेर जाण्याची दुसरी. एक उघडली की दुसरी बंद. हृदयातही हेच. झडप गळकी झाली की घेतलेलेच परत मागे जाते आणि पंप नुसता धडपडत राहतो.

यातली एक खुबी अनेक मिस्त्र्यांच्याही लक्षात राहत नाही. पेट्रोलचा दाब ठरवते ती स्प्रिंग. इंजिनाचा वेग वाढला म्हणून दाब त्या प्रमाणात चढत नाही. कार्बोरेटरची वाटी भरली, फ्लोटची सुई बंद झाली, की पडदा खालीच थांबून राहतो आणि दांडी रिकामी हलत राहते. इंजिनाने पेट्रोल वापरले की पडदा तेवढाच वर येतो. मागणीइतका पुरवठा, कोणत्याही विजेच्या यंत्रणेशिवाय. शिवाय इंजिन बंद पडले की पंपही आपोआप बंद. बोट उलटली, इंजिन थांबले, तरी विजेचा पंप तारा जोडलेल्या असतील तर पेट्रोल ओतत राहू शकतो. म्हणूनच इंजिन चालू असताना किंवा सुरू करतानाच विजेचा पंप चालावा, असा अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा नियम आहे. यांत्रिक पंपाला हा धडा शिकवावा लागत नाही.

मग अडचण कुठे? अडचण पडदा फाटतो तेव्हा.

मोटारीच्या पंपात पडद्याखाली एक बारीक भोक ठेवलेले असते. पडदा फाटला की पेट्रोल त्या भोकातून टपकते. रस्त्यावर ते ठीक. थेंब खाली पडतो, गाडी पुढे जाते, वाऱ्याने वाफ उडून जाते, चालकाला वास येतो. बोटीला मात्र खाली रस्ता नसतो. खाली असतो तळ, आणि तो वाटीसारखा बंद असतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी तळाशी साचते. बसलेल्या माणसाच्या नाकापर्यंत वास येईलच असेही नाही, आणि आला तरी काही मिनिटांत नाक सरावते.

थोडे गणित केले तर भीती कुठे आहे ते कळते. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे १.४ टक्के झाली की मिश्रण पेट घेऊ शकते. सुमारे ७.६ टक्क्यांच्या वर गेले तर घेत नाही, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नाही. पाव लिटर, म्हणजे एक पेला पेट्रोल पूर्णपणे वाफ झाले तर सुमारे ३ घनमीटर हवा स्फोटक करते. लहान स्पीडबोटीच्या इंजिनाची पेटी त्याच्या निम्मीही नसते. आणि पंपातून सेकंदाला दोनच थेंब गळत आहेत असे धरले तरी तासाभरात अर्धा पेला सहज भरतो. त्यानंतर स्टार्टरची एक ठिणगी पुरे. पेट्रोल उणे ४० अंशांनाही पेट घेण्याइतकी वाफ सोडते. भंडाऱ्यातला मे महिना तर ४५ अंशांच्या आसपास जातो.

म्हणून बोटीच्या आतल्या भागात बसवलेल्या पेट्रोल इंजिनासाठी वेगळा, ‘मरीन’ पंप असतो. बाहेरून तो मोटारीच्या पंपासारखाच दिसतो. भोके जुळतात, बोल्ट जुळतात, किंमत मात्र बरीच जास्त. तेवढ्यासाठी मोटारीचा पंप बसवण्याचा मोह होतो, आणि नेमका तोच टाळायचा असतो. मरीन पंपात एकाऐवजी दोन पडदे असतात. वरचा फाटला तर पेट्रोल दुसऱ्या पडद्यावर अडते. दोन पडद्यांमधल्या पोकळीतून एक पारदर्शक नळी निघते आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी, ज्वाळा अडवणाऱ्या जाळीपाशी जाते. गळलेले पेट्रोल या नळीतून इंजिनातच ओढले जाते आणि जळून जाते. तळात एक थेंबही पडत नाही. मुख्य पडदा निकामी झाला तरी पंपातून पेट्रोल बाहेर गळता कामा नये, हे अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नियमांतच लिहिलेले आहे. भोक असलेला मोटारीचा पंप या कसोटीला उतरत नाही.

ही पारदर्शक नळी म्हणजे रोगाचे लक्षण दाखवणारी खिडकी. ती कोरडी आणि स्वच्छ असली पाहिजे. तिच्यात पेट्रोल दिसले, तर वरचा पडदा गेला आणि बोट आता दुसऱ्या पडद्याच्या भरवशावर आहे. अशी बोट किनाऱ्याला लावायची आणि पंप बदलायचा, एवढेच. पण होते काय, की नळी तडकते, गळून पडते, आणि ‘हिचा काही उपयोग दिसत नाही’ म्हणून ते तोंड स्क्रूने बंद केले जाते. लक्षण दाबून टाकणे हा प्रकार फक्त रुग्णच करतात असे नाही.

बोट पेट्रोलवर चालणारी असेल आणि इंजिन झाकलेले असेल, तर सुरू करण्यापूर्वी किमान चार मिनिटे तळातली हवा बाहेर फेकणारा ब्लोअर चालवायचा असतो. त्याआधी झाकण उघडून वास घ्यायचा. पंप कितीही चांगला असला तरी हा नेम मोडू नये, कारण गळती पंपाऐवजी नळीच्या सांध्यातूनही होते. भडका उडालाच तर भाजलेल्या भागावर स्वच्छ, थंड वाहते पाणी २० मिनिटे धरणे हाच पहिला उपचार आहे. हळद, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. चेहरा भाजला असेल, नाकातले केस जळले असतील, आवाज घोगरा झाला असेल, तर रुग्ण बोलत-चालत असला तरी श्वासनलिका आतून सुजण्याचा धोका असतो. अशा रुग्णाला थांबवून ठेवू नये, १०८ ला फोन करावा.

आता दाबाकडे. कार्बोरेटर असलेल्या इंजिनाला चौरस इंचाला साधारण ४ ते ७ पौंड दाब लागतो. रक्तदाबाच्या भाषेत सांगायचे तर पाऱ्याचे २०० ते ३६० मिलिमीटर. आकडा ऐकून डॉक्टर दचकेल, पण कार्बोरेटरची प्रकृती तशीच असते. इंजेक्शनच्या आधुनिक इंजिनांना याच्या कितीतरी पट दाब लागतो, आणि तो बहुधा विजेचा पंप देतो; म्हणून अशा इंजिनात केवळ या यांत्रिक पंपावर भागत नाही. प्रश्न येतो तो जुन्या, ताकदवान, कार्बोरेटरवाल्या इंजिनाचा. जास्त ताकदीसाठी जास्त दाबाचा पंप, असा सरळ हिशेब काही लोक करतात आणि तो चुकतो. दाब गरजेपेक्षा जास्त झाला की फ्लोटची सुई त्याला रोखू शकत नाही. वाटी ओसंडते, इंजिनात पेट्रोल जास्त आणि हवा कमी जाते. काळा धूर येतो, खर्च वाढतो, आणि दिसत नाही असा कार्बन मोनॉक्साईड वायू वाढतो.

कार्बन मोनॉक्साईडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. धूर उघड्या पाण्यावर उडून जाईल असे वाटते, पण चालत्या बोटीच्या मागे हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर पुन्हा बोटीतच ओढला जातो. वर छत आणि बाजूंना ताडपत्री असेल तर आणखीच. सगळ्यात वाईट जागा म्हणजे बोटीची मागची पायरी. तिथे पाय पाण्यात सोडून बसायला मुलांना फार आवडते, आणि धुराचे तोंड नेमके तिथेच असते. अमेरिकेतल्या लेक पॉवेल या मोठ्या जलाशयावर हाऊसबोटींच्या मागे पोहणारी माणसे एकामागून एक मेली. सुरुवातीला ती बुडाली असेच समजले गेले. ऑगस्ट २००० मध्ये तिथे दोन भाऊ गेले, त्यानंतर सरकारी तपासात बोटीच्या पायरीखालच्या पोकळीत या वायूचे प्राणघातक प्रमाण सापडले. पोहता येणारा माणूस शांत पाण्यात बुडतो तेव्हा हा संशय घ्यायलाच हवा.

लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, गरगरते, झोप येते. बोटीतला माणूस म्हणतो, बोट लागली. उन्हाळ्यातला माणूस म्हणतो, ऊन लागले. एकाच बोटीतल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असे झाले आणि बोटीतून उतरल्यावर बरे वाटू लागले, तर ऊन नव्हे, धूर. यात आणखी एक सापळा आहे. कोविडनंतर घरोघरी आलेला बोटावरचा ऑक्सिमीटर या विषबाधेत चक्क खोटे बोलतो. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायू चिकटल्यासारखेच दिसते, आणि तो ९७-९८ दाखवून मोकळा होतो. त्या आकड्यावर रुग्णाला घरी पाठवू नये. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते पाच तास लागतात, मास्कने भरपूर प्राणवायू दिला तर साधारण एक ते दीड तास. म्हणजे उपचार जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयातही आहे. फक्त डॉक्टरला कोणीतरी सांगायला हवे की रुग्ण इंजिनाच्या बोटीतून आला आहे.

दाब जास्त नको, पण पेट्रोल कमीही पडायला नको. दाब आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरेदीच्या वेळी त्यांचीच गल्लत होते. हृदय विश्रांतीत मिनिटाला ५ लिटर रक्त पुढे ढकलते. धावताना तेच २० लिटरवर जाते. विश्रांतीत ज्याचे सगळे ठीक दिसते अशा माणसाची खरी स्थिती ट्रेडमिलवर कळते. पंपाचेही तसेच. किनाऱ्यावर इंजिन संथ चालते तेव्हा कोणताही पंप पुरतो.

हिशेब अवघड नाही. पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीने चालताना प्रत्येक अश्वशक्तीमागे ताशी अंदाजे एक तृतीयांश लिटर पेट्रोल खाते. ४० अश्वशक्तीला १३-१४ लिटर. दोन स्ट्रोकचे असेल तर त्याहून बरेच जास्त. १५० ला ५० लिटर, ३०० ला १०० लिटर. मोटारीलाही हेच लागू आहे, पण मोटार पूर्ण ताकदीने किती वेळ चालते? ओव्हरटेक करताना काही सेकंद. बोट म्हणजे सतत घाट चढणारी गाडी. तिला उतार कधी येतच नाही. त्यामुळे बोटीच्या पंपाला ही मागणी तासन्‌तास पुरी करावी लागते, आणि हिशेबाने येणाऱ्या आकड्यापेक्षा निदान चतुर्थांश जास्त देणारा पंप घेणे शहाणपणाचे. खोक्यावर छापलेला आकडा बहुधा मोकळ्या तोंडाने, काहीही अडथळा नसताना मोजलेला असतो. कामाच्या दाबाला पंप किती देतो हे विचारावे. तो आकडा नेहमीच लहान असतो. बरेच खोके गॅलनमध्ये बोलतात. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.८ लिटर.

पेट्रोल कमी पडले तर नुसती बोट हळू चालेल असे नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी अशा मिश्रणाने ज्वलन बिघडते, पिस्टनचा माथा तापतो आणि त्याला भोकही पडू शकते. आणि हे कधी घडते? पूर्ण थ्रॉटल दिल्यावर. पूर्ण थ्रॉटल कधी देतात? पुराच्या धारेविरुद्ध, बोटीत माणसे भरलेली असताना.

आपत्तीच्या बोटींना मागे टांगलेले मोटर, म्हणजे आऊटबोर्ड इंजिन असते. त्यातल्या दोन स्ट्रोक मोटरच्या पंपाला दांडीही नसते. इंजिनाच्या पोटातला दाब प्रत्येक फेरीला वर-खाली होतो, त्या स्पंदनावरच पडदा हलतो. रचना अतिशय साधी आणि हलकी, पण जोर बेताचा. टाकी फार खाली किंवा लांब ठेवली, नळी बारीक घेतली, की तो दमतो. पडदा वर्षानुवर्षे उन्हात पडलेल्या बोटीत कडक होतो. मोटर वापरात नसली तरी पडदा म्हातारा होतच असतो, आणि नऊ महिने शेडमध्ये राहून बाहेर काढलेल्या मोटरकडून पहिल्याच दिवशी सगळ्यात कठीण काम करून घेतले जाते. दुरुस्तीचे किट स्वस्त असते. पावसाळ्याआधी ते बदलून टाकणे आणि एक जादा बोटीत ठेवणे यात कंजूसपणा कशाला?

इथे एक सोपी तपासणी आहे. आऊटबोर्डच्या नळीत हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो, प्रायमर बल्ब. मोटर जोरात चालताना गुदमरू लागली आणि फुगा दाबत राहिल्यावर पुन्हा जोर धरू लागली, तर पंप पुरेसे ओढत नाही किंवा टाकीकडच्या नळीत कुठेतरी हवा शिरते आहे. कार्बोरेटर उघडत बसण्याआधी एवढे पाहावे.

विदर्भाचा उन्हाळा हा यातला स्वतंत्र विषय. पेट्रोल हा एक द्रव नाही, अनेक घटकांचे मिश्रण आहे, आणि त्यातले सर्वांत हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. यांत्रिक पंप इंजिनाला चिकटून असतो, म्हणजे गरम; आणि तो ओढतो, म्हणजे त्याच्या आधीच्या नळीत दाब कमी होतो. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. नळीत वाफ झाली की पडदा वाफच दाबत बसतो, पेट्रोल पुढे जात नाही. बोट दहा मिनिटे काठाला लावली, इंजिन बंद केले, आणि पुन्हा सुरूच होत नाही असा दुपारचा अनुभव याच कारणाने येतो. उष्ण भागासाठी पंप घेताना जादा पेट्रोल आणि वाफ टाकीकडे परत नेणारी नळी असलेला पंप मिळाला तर तो घ्यावा. नळी धुराड्यापासून दूर न्यावी. ओले फडके पंपावर ठेवण्याचा जुना ड्रायव्हरांचा उपाय शास्त्राला धरूनच आहे.

दुसरी नवी गोष्ट इथेनॉलची. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले आणि आता ते सर्वत्र आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते, म्हणजे तीच ताकद हवी तर या मिश्रणाचा पुरवठा सहा-सात टक्के जास्त लागतो. वरच्या हिशेबात तेवढी भर घालावी. जुन्या पद्धतीच्या रबराचा पडदा इथेनॉलने फुगतो, मऊ पडतो, पुढे चिरतो. दुकानाच्या कपाटात पंधरा वर्षे पडून असलेला पंप नवा कोरा दिसला तरी त्याचा पडदा या पेट्रोलसाठी केलेला नसतो. इथेनॉलला चालणारा पडदा आहे का, हे विचारून आणि खोक्यावर वाचून घ्यावे. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. बोटीच्या टाकीला पाण्याची काय कमतरता? पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि पंप पहिल्यांदा तेच ओढतो. पंपाच्या आधी पाणी वेगळे करणारा फिल्टर नसेल तर चांगल्या पंपाचे पैसे वाया गेले असे समजावे.

डिझेलच्या बोटींचे थोडे वेगळे. तिथे वाफेच्या स्फोटाची भीती बरीच कमी, पण पडदा फाटला की डिझेल इंजिनाच्या ऑईलमध्ये उतरते. ऑईलची पातळी न भरता वाढलेली दिसली तर खूश होऊ नये.

आता शेवटचा आणि आपल्या भागात सर्वांत जास्त घडणारा प्रकार. पंप ओढत नाही, लाईनने हवा धरली आहे, काठ लांब आहे. कोणीतरी नळी काढतो, तोंडात धरतो आणि पेट्रोल ओढतो. ट्रॅक्टरपासून मोटरसायकलपर्यंत सगळीकडे हीच रीत, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पेट्रोल पाण्यापेक्षा पातळ आहे, त्याचा पृष्ठताण कमी आहे. तोंडात आलेला घोट पोटात जायच्या आधी त्यातले थोडेसे सहज श्वासनलिकेत उतरते आणि फुप्फुसाच्या आत तेलाच्या तवंगासारखे पसरते. फुप्फुसातल्या वायुकोशांना उघडे ठेवणारा एक साबणासारखा थर असतो, तो पेट्रोलने विरघळतो. वायुकोश मिटतात, सूज येते, प्राणवायू रक्तात जाईनासा होतो. यासाठी एक चमचाही पुरतो. पोटात गेलेले पेट्रोल त्या मानाने कमी नुकसान करते.

म्हणूनच अशा माणसाला उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजू नये, घशात बोटे घालू नयेत. दूध, तूप, तेल हेही नको. पोटात गेलेले पेट्रोल उलटीबरोबर वर आले की दुसऱ्यांदा श्वासनलिकेत जाण्याची संधी त्याला मिळते. गावात नेमके हेच उपाय पहिल्या दहा मिनिटांत होतात, आणि साधा रुग्ण अत्यवस्थ होतो. ओढताना ठसका लागला, त्यानंतर खोकला थांबत नाही, छातीत जळजळते, धाप लागते, तर थेट रुग्णालयात जावे. सुरुवातीचा एक्स-रे स्वच्छ असू शकतो; बदल काही तासांनी दिसतात. म्हणून काहीच त्रास दिसत नसला तरी असा रुग्ण किमान सहा तास नजरेखाली ठेवतात. ‘डॉक्टरने उगीच बसवून ठेवले’ अशी तक्रार त्या सहा तासांत करू नये. बंद जागेत पेट्रोलची वाफ भरपूर हुंगलेल्या माणसाला लगेच पळापळ करू देऊ नये, हेही तितकेच खरे. वाफेने हृदय चिडखोर होते आणि श्रमाने त्याची लय बिघडू शकते.

पंपाला पहिले पेट्रोल पाजण्यासाठी तोंडाची गरज मुळातच नाही. आऊटबोर्डला फुगा आहेच. आतल्या इंजिनाच्या काही पंपांना हाताने हलवायची दांडी असते. खरेदी करताना ती आहे का ते पाहावे. पंप बसवून झाल्यावर मिस्त्री पेट्रोलनेच हात धुतो, तेही थांबायला हवे. पेट्रोलमध्ये रक्ताच्या कर्करोगाशी संबंध असलेले बेन्झिन १ टक्क्यापर्यंत असू शकते आणि कातडीवाटे ते थोडे आत जाते. साबण आणि थोडे खोबरेल तेल यांनी ग्रीस निघते.

देशांतर्गत पाण्यावरच्या यांत्रिक बोटींची नोंदणी आणि तपासणी व्हावी यासाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. बोटीत जॅकेट किती, प्रवासी किती, हे पर्यटकही मोजू शकतो. इंजिनाचे झाकण उघडून त्या पारदर्शक नळीकडे पाहणे मात्र तपासणाऱ्याच्या हातात आहे. ती नळी जागेवर आहे का, कोरडी आहे का, आणि तिचे दुसरे टोक कार्बोरेटरलाच जोडलेले आहे का, हे पाहायला एक मिनिट लागते.